येळकोट म्हणजे जेजुरीचा कोट का?

प्रश्न: पुतण्याच्या लग्नानंतर घरी जागरण घातलं. पुतणसून हुबळीची, तळी उचलताना ती हळूच म्हणाली, काकू, हे सगळे 'सात कोटी सात कोटी' काय ओरडतायत? मी स्वतः तर आजवर येळकोट म्हणजे जेजुरीचा कोट, म्हणजे गड असंच समजत होते, सून म्हणते सात कोटी. खरं काय? आणि 'मूळ स्वभाव जाईना, येळकोट राहीना' असं टोमण्यात देवाचं नाव का घेतात?
– एक वाचक, सासवड

उत्तर: काकू, सूनबाईंना पैकीच्या पैकी मार्क! कानडीत एळु म्हणजे सात, आणि बोलताना त्याचा उच्चार येळु असाच होतो, पुढे कोटी, ते मराठी तोंडात घासून घासून झालं येळकोट, त्यात गडाचा काही संबंध नाही. खंडोबा तिकडे मैलार म्हणून पुजतात आणि तिथल्या जत्रेतही 'एळु कोटी'चाच गजर असतो. सात कोटी कसले म्हणाल तर मणी-मल्ल दैत्यांना मारायला देव सात कोटींचं सैन्य घेऊन आला अशी कथा सांगतात. पण तळी उचलताना हा हिशोब कोणाच्या डोक्यात असतो हो? आमच्याकडे ताटात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून पाच जण ते धरतात, 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा वर नेतात आणि एवढ्यात कोणीतरी भंडारा उधळतोच, मग पांढरा शर्ट घालून आलेल्या पाहुण्याचं जे व्हायचं ते होतं (हळदच ती, धुऊन जात नाही). तेव्हा अर्थ एकच, देवाचा जयजयकार.

आता म्हण. इथे लोकांची गडबड 'राहीना'वर होते. राहीना म्हणजे टिकेना नाही, थांबेना. पोराचं रडायचं राहीना म्हणतो ना आपण, तसं. ज्याच्या तोंडात येळकोट बसलाय तो कुठेही गेला तरी सवयीने म्हणणारच, तसा माणसाचा मूळ स्वभावही सुटत नाही. टोमणा माणसाला आहे, खंडोबाला नाही.

यळकोट लिहिलं तरी चालतं, दोन्ही छापलेलं दिसतं. फक्त नुसतं 'येळकोट' म्हणून गप्प बसू नका, समोरचा 'जय मल्हार'ची वाट बघत राहतो.