ब्रिस्बेनला येण्यापूर्वी तळपाय नीट पाहून घ्या

नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात वाढलेल्या सावळ्या माणसाने ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये त्वचेच्या कर्करोगाची काळजी करावी का, असे आपण विचारले आहे. मीही नागपूरच्या महाल भागातलाच, येथे येताना सावळ्या त्वचेला हा धोका नसतो अशी माझीही समजूत आपल्यासारखीच होती आणि ती अर्धीच खरी निघाली.

त्वचेला सावळा रंग देणाऱ्या मेलॅनिनमुळे आपल्याला हा रोग गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होतो. मात्र ऊन किती चटकते यावरून अतिनील किरणांचा अंदाज बांधता येत नाही. येथे जुलैच्या गार दुपारीसुद्धा या किरणांची तीव्रता सांगणारा यूव्ही निर्देशांक ३ च्या वर जातो, आणि ३ झाला की टोपी, पूर्ण बाह्या व सनस्क्रीन वापरावे, असे येथे सांगितले जाते.

मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा हळूहळू वाढतो. त्याची चकाकणारी गाठ आपल्या त्वचेवर बहुधा काळपट दिसते, म्हणून तीळ समजून सोडून दिली जाते. स्क्वॅमस सेलचा चट्टा खरखरीत असतो, खपली धरतो, रक्ताळतो; आपल्याकडे तो अनेकदा भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत होतो. परकराच्या नाडीने कमरेवर पडलेल्या काळ्या पट्ट्यातही तो क्वचित आढळतो, आणि मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहिले होते. आईंना सोबत आणणार असाल, तर त्यांची कमर अवश्य पाहा.

सर्वांत घातक मेलानोमा. डागाच्या दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, रंग अनेक असणे, आकार ६ मिलिमीटरहून मोठा असणे ही त्याची लक्षणे आहेत; पण मी सर्वाधिक महत्त्व देतो ते डाग बदलण्याला. आपल्या लोकांत तो प्रामुख्याने तळपाय, तळहात व नखांखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो. अनेक नखांवर फिकट रेघा असणे आपल्यात सर्रास आढळते. मात्र एकाच नखातली काळी रेघ रुंदावत असेल आणि तो रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर एक दिवसही दवडू नका.

आम्ही पतिपत्नी दर महिन्याला खिडकीच्या उजेडात एकमेकांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहतो, आणि पत्नीच्या टाचेवरच्या कॉफीच्या रंगाच्या ठिपक्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो. महिनाभरात न भरलेला फोड किंवा बदलता डाग असेल, तर निघण्यापूर्वीच नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील) त्वचारोग विभागात दाखवा आणि बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणी) झाल्यास तिचा अहवाल सोबत आणा.