आरएनएतला 'मोटिफ' : आकृतिबंध की वळण?

प्रश्न असा आला : 'आरएनए कसा दुमडतो यावरचा लेख मराठीत आणतेय. त्यात "स्ट्रक्चरल मोटिफ" पावलोपावली येतो. "आकृतिबंध" चालेल का?'

आरएनए म्हणजे पेशीतला लांब साखळीसारखा रेणू आणि मोटिफ म्हणजे त्याच्या घडीत पुन्हापुन्हा दिसणारी ठरावीक रचना. 'आकृतिबंध' समीक्षेत चालतो, इथे नको. शासननिर्णय वाचणाऱ्यांना आकृतिबंध म्हटलं की मंजूर पदांचा तक्ता आठवतो, ते एक सोडा. खरी अडचण 'बंध'ची. रसायनशास्त्रात बॉन्डला बंधच म्हणतात, आणि आरएनएची घडी तर बरीचशी हायड्रोजन बंधांवर उभी असते. 'या आकृतिबंधातले बंध' असं एक वाक्य लिहून पाहा! लोकसाहित्यातला 'कल्पनाबंध' देखणा आहे, पण रेणूला कल्पना कुठली? 'बुट्टी'ही बाद. बुट्ट्या नसल्या तरी साडी साडीच राहते. मोटिफ बिघडला तर आरएनएची घडीच बिघडू शकते.

मी 'वळण' लिहीन. अक्षराचं वळण म्हणजे पुन्हापुन्हा दिसणारी ठेवण, रस्त्याचं वळण म्हणजे दिशा बदलणं. मोटिफला दोन्ही अर्थ लागू पडतात. 'किंक-टर्न' घ्या. मृत समुद्रातल्या हॅलोआर्क्युला मारिसमॉर्टुई या सूक्ष्मजीवाच्या रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, रचना तपासताना तो लक्षात आला, २००१ साली त्याला नाव मिळालं. दुपेडी पीळ सरळ चाललेला असतो. मध्येच एका पेडातली तीनेक अक्षरं (साखळीचे घटक ए, सी, जी, यू अशा अक्षरांनी लिहितात) जोडीदाराविना राहतात, त्यांच्या शेजारी जी आणि ए तिरक्या जोड्या जमवतात आणि पीळ एकदम मुडपतो. त्या जीवाच्या २३एस आरएनएत (रायबोसोमच्या मोठ्या भागातला आरएनए) अशी सहा वळणं सापडली, एकावर एक ठेवली तर जवळपास जुळणारी. या एका वळणाला घरचाच शब्द द्या : मुरड. करंजीच्या कडेला घालतो तीच.

दुसरं वळण पिळाच्या टोकाशी, पेड जिथे उलटा फिरतो तिथलं. चारच अक्षरं : आधी जी, मग कोणतंही, मग ए किंवा जी, शेवटी ए. हे टोक पुष्कळदा त्याच साखळीतल्या दूरच्या खाचेत जाऊन बसतं, काजात बटण बसावं तसं, आणि लांबलांबचे दोन भाग शेजारी येतात. त्याचं 'टेट्रालूप' हे नाव तसंच ठेवा. 'चतुर्वलय' केलंत तर वाचक तिथेच पान मिटेल.

आणि हो, 'आरएनएची घडी घातली जाते' असं लिहू नका. घडी घालायला कुणीतरी लागतं, साडीला लागतं तसं. पेशीत मदतनीस प्रथिनं असतात खरी, पण पुष्कळ आरएनए परीक्षानळीत नुसत्या मॅग्नेशियमच्या सोबतीनेही आपले आपण दुमडतात. तुमच्या प्रश्नातला 'दुमडतो'च बरोबर आहे.