पेरणी पडलेल्या पाण्यावर, फवारणी अंदाजावर

भाऊ, गटावर टाकलेला तुमचा प्रश्न वाचला. मोबाईलवरच्या अॅपने बुधवारी नव्वद टक्के पाऊस दाखवला, टीव्हीवर जिल्ह्याला पिवळा अलर्ट होता, म्हणून तुम्ही मंगळवारीच तीन एकरांत सोयाबीन टाकलं. त्याआधी वीस-बावीस मिलिमीटरचं एक पाणी येऊन गेलं होतं. बुधवारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि सगळं नेर तालुक्याकडे निघून गेलं. सहा दिवस झाले, वर नुसतं ऊन. शेजाऱ्याच्या अॅपवर तर त्या दिवशी पाऊस नव्हताच. आता तुम्ही विचारता, कोणतं अॅप खरं?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातला. अकरा एकर कोरडवाहू, अर्ध्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, अर्ध्यात सोयाबीन-तूर. तुमच्यावर जे आलं ते २०१४ च्या जूनमध्ये माझ्यावर आलं होतं. त्या वर्षी देशभरातच जूनचा पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून कमी पडला. मी मात्र एका अंदाजावर भरवसा ठेवून, मातीत हात न घालता सगळी सरकी टोबून मोकळा झालो. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीवर आणावं लागलं. ते फेडायला दोन हंगाम गेले. तेव्हापासून गोठ्याच्या खुंटीला एक वही टांगलेली आहे. तीत रोजचा अंदाज आणि आमच्या वावरात प्रत्यक्ष पडलेलं पाणी, दोन्ही लिहितो. खाली जे सांगतो ते त्या वहीवरून.

आधी तुमच्या पिवळ्या अलर्टचं बघू. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असं लिहिलेलं असणार. हवामान विभागाच्या भाषेत 'तुरळक' हा मोजलेला शब्द आहे. त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी पाऊस, बाकी कोरडं. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते अर्ध्या ठिकाणी, आणि त्याच्या वर अर्ध्याहून जास्त, मग जवळपास सर्वदूर. म्हणजे जिल्ह्यातल्या शंभर गावांपैकी पंचाहत्तर गावं कोरडी राहिली तरी बुधवारचा अंदाज बरोबरच ठरतो. तो चुकला म्हणून तुमचं नुकसान झालं असं मला वाटत नाही. पेरणीसाठी तो वापरायचाच नव्हता. 'जोरदार' शब्दाचंही तसंच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार. टीव्हीवाले धुक्यालाही धुवांधार म्हणतात, म्हणून अंदाज मूळ शब्दांत वाचायची सवय लावा.

आता नव्वद टक्के. त्या टक्क्यात किती पाणी पडणार हे नसतं. अशा दहा दिवसांपैकी नऊ दिवस त्या जागी पाऊस होतो, असा त्याचा अर्थ, मग तो दोन मिलिमीटर का असेना. त्यातही 'ती जागा' म्हणजे तुमचं वावर नाहीच. संगणकावरचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. आपल्या देशाचं मुख्य मॉडेल बारा किलोमीटरचे चौकोन पाडत होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली नवी प्रणाली मे २०२५ पासून सहा किलोमीटरवर आली. मोठी सुधारणा आहे, मला तिचा आनंद आहे. पण सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर, जवळजवळ नऊ हजार एकर. तेवढ्याला एक आकडा. आणि जूनमधलं आपलं पाणी कसं पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. धुऱ्याच्या अलीकडे चिखल, पलीकडे धूळ. माझी बहीण आमच्यापासून साडेतीन किलोमीटरवर दिली आहे. मागच्या मृगात एका संध्याकाळी माझ्या पाऊस मोजायच्या डब्यात एकेचाळीस मिलिमीटर भरलं आणि तिच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडया तशाच वाळत राहिल्या.

शेजाऱ्याच्या अॅपने वेगळं दाखवलं, कारण त्याच्यामागचं मॉडेल वेगळं. युरोपचं एक, अमेरिकेचं एक, जर्मनीचं एक, आणि प्रत्येक अॅप यातलंच कोणतं तरी घेऊन त्यावर आपला ढग-सूर्याचा मुलामा चढवतं. विंडी नावाच्या अॅपवर ही मॉडेलं शेजारी शेजारी बघता येतात आणि मी ते तेवढ्याचसाठी वापरतो. तिन्ही एकच सांगत असतील तर थोडा विश्वास. तिन्ही तीन दिशांना असतील तर त्या दिवसाबद्दल कोणालाच काही कळलेलं नाही, असं धरून चालतो. आणखी एक बघून घ्या. अॅपमध्ये गाव कोणतं लागलंय? माझ्या पुतण्याच्या मोबाईलवर दोन महिने भलत्याच जिल्ह्यातलं त्याच नावाचं गाव लागलेलं होतं. आपल्याकडे पिंपळगाव नि वडगाव किती आहेत, मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. रोहिणी-मृगाचं पाणी उन्हाच्या तावाने उठतं. दुपारी दोन-तीनला ढग उभे राहतात, तासाभरात कुठेतरी कोसळतात आणि विरून जातात. असा ढग दोन-चार किलोमीटरचा असतो. तो कोणत्या शिवारावर उभा राहणार, हे आदल्या दिवशी कोणतंही मॉडेल सांगू शकत नाही. 'विदर्भात दुपारनंतर वादळी पाऊस' एवढंच ते खरेपणाने सांगू शकतं. जुलै-ऑगस्टचं पाणी वेगळं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत येतो, आधी गोंदिया-भंडारा-गडचिरोली, मग नागपूर-चंद्रपूर, मग आपण. तो शेकडो किलोमीटरचा पसारा असतो. म्हणून तीन-चार दिवस आधी दिलेला त्याचा अंदाज बहुतेक वेळा लागू पडतो. माझ्या वहीत जूनचे अंदाज अर्धेअधिक फसलेले दिसतात, आणि ऑगस्टमधली झड क्वचितच न सांगता आलेली. अॅप तेच, मॉडेल तेच. मात्र पश्चिमेला अकोला-बुलढाण्यापर्यंत जाता जाता बरेचदा या पावसाचा जोर सरतो, हेही ध्यानात ठेवा. गटातल्या तिकडच्या सदस्यांनी नागपूरचा अंदाज बघून आशा धरू नये.

आणि मुंबई-कोकणाच्या बातम्यांवरून तर काहीच ठरवू नका. 'राज्यात पावसाचा धुमाकूळ' असतो तेव्हा इथे पऱ्हाटी माना टाकत असते. हवामान विभागाच्या हिशेबात विदर्भ हा वेगळा उपविभाग आहे. आपल्या नावाने जे दिलंय तेवढंच वाचायचं.

मी काय बघतो ते सांगतो. एप्रिलमध्ये हवामान विभागाचं पावसाळ्याचं भाकीत 'सरासरीच्या अमुक टक्के' असं येतं, २०२४ ला १०६ टक्के आलं होतं. तो आकडा देशाचा असतो. ऐकतो नि सोडून देतो. दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात विदर्भ कोरडा दाखवला असेल तर पावसाच्या खंडाची तयारी ठेवतो, खत टाकणं पुढे ढकलतो. पाच दिवसांसाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज, आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला मेघदूत अॅपवर. आधी कृषी विज्ञान केंद्रांत जिल्ह्याचे हवामान कक्ष होते, ते २०२४ मध्ये बंद झाले. तिथला माणूस आपल्या भागाचं बोलायचा, फोन उचलायचा. ती उणीव कोणत्याही अॅपने भरून निघालेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच दिवशीच्या कामाला मात्र अॅपचे ढग-सूर्य बघत नाही. तेव्हा नागपूरच्या रडारचं चित्र उघडतो. एक चित्र बघून काही कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन-चार बघा, म्हणजे ढग कोणीकडे सरकतोय ते दिसतं. एक मर्यादा आहे. आपण नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहोत. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण इथे पोचेपर्यंत तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. गडगडाटी उंच ढग त्याला दिसतो, खालची भुरभुर दिसत नाही. अकोल्याकडे तर तो आणखी वरून जातो.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अंदाजावर तारीख नसेल, भाग नसेल, तर तो पुढेही पाठवू नका. मागच्या वर्षीचा व्हिडिओ या वर्षी फिरताना मी स्वतः पकडला आहे.

नक्षत्रांचं विचाराल तर आमच्या घरी पंचांग वाचलं जातं, नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा हे आई अजून विचारते, आणि अक्षय्य तृतीयेला पाऊस-पिकाचं भाकीत करणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीकडे गावाचं लक्ष असतं. त्यात पिढ्यांची माया आहे. मृग-आर्द्रा ही कामाची वेळापत्रकंही आहेत. पण बियाण्याची थैली मी त्यावर फोडत नाही.

मग फोडतो कशावर? डब्यावर. सरळ भिंतीचा कोणताही डबा घ्या, तळ सपाट हवा. बादली नको, ती वर रुंद असते आणि आकडा फुगवते. झाडापासून, घरापासून लांब, खांबाला बांधून उभा करा. सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, कारण हवामान विभागाचा चोवीस तासांचा हिशेब साडेआठलाच बंद होतो आणि मग तुमचा आकडा त्यांच्याशी जुळवून बघता येतो. जितके मिलिमीटर उंची, तितका पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी, हे एकदा डोक्यात बसलं की बावीस मिलिमीटरकडे बघायची नजर बदलते. तापलेली काळी माती तेवढं वरच्या वर पिऊन टाकते. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, ते उगाच नाही. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाचं पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळागणिक एक आहे. ६५ मिलिमीटरच्या वर अतिवृष्टी धरायची ती मंडळाच्या आकड्यावर. मदतीला तो आकडा लागतो, पेरणीला तुमच्या डब्यातला. डबा भरला तरी मी वीतभर खोल खणतो, माती मुठीत दाबतो. लाडू वळला आणि बोटाने सहज फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे.

अंदाज कामाला येतो तो फवारणी, डवरणी नि सोंगणीला, म्हणजे कापणीला. पुढचे चार-सहा तास कोरडे हवेत, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर रडार बरंच बरं देतं. सोंगणीला तर पाच दिवसांचा अंदाज न बघता विळा हातात घेऊ नका. इथे चुकायचंच असेल तर 'पाऊस नाही' या बाजूने चुकू नका. ताडपत्री आधी, सोंगणी मग. भिजलेल्या गंजीतून शेंगेला कोंब फुटलेले मी पाहिले आहेत, तो वास अजून नाकात आहे.

आणि विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर असू द्या, सालदाराच्याही. पाऊस चुकला तर पैसे जातात, विजेत माणूस जातो. गडगडाट ऐकू आला की निंबाखालून, बाभळीखालून उठायचं आणि पक्क्या घरात जायचं. त्यासाठी कोणत्याही अंदाजाची वाट बघायची नाही.

आता तुमच्या तीन एकरांचं. घाईने वखर फिरवू नका. उद्या सकाळी पाच ठिकाणी पेरणीची ओळ हातभर लांब उकरा आणि दाणे बोटांत घ्या. दाणा कडक, कोरडा, पेरला तसाच असेल तर त्याने अजून पाणी धरलेलं नाही, तो पुढच्या पावसाला उगवू शकतो. फुगून मग सुकलेला, सालपट सुटलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा दाणा गेला म्हणून समजा. चांगले किती, वाईट किती, मोजून लिहा. अर्ध्याच्या वर चांगले असतील तर थांबा आणि पाणी पडल्यावर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरा. बहुतेक गेलेले असतील तर घरात उरलेल्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सहा-सात दिवसांनी सत्तर उगवले तर ते पेरायला चालेल, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवा. सोयाबीनला जुलैच्या मध्यापर्यंत वेळ आहे. आणि डबा आजच बांधा. उकरल्यावर काय निघालं ते इथे कळवा, दाण्यांचा फोटो टाका. मी संध्याकाळी आठनंतर बघतो.