कोऱ्या पानावरची सही

भाऊ, 'खाणीसाठी सरपंचानं नाहरकत दिली, आमच्या टोल्याला (वस्तीला) कुणी विचारलंच नाही' हे तुमचं वाचलं आणि आमचेच दिवस आठवले. मीही गडचिरोलीतलाच.

पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा तुम्हाला ठाऊक असणारच. ग्रामपंचायतीची नाहरकत म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे, एवढं धरून ठेवा.

आमच्या घोड्यानं पेंड खाल्ली ती सहीत. सभा लावली ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत. बाया पहाटेच टोपल्या घेऊन रानात गेलेल्या. सभेला तीसेक माणसं, बहुतेक पुरुषच. सभा घ्यायला आलेले साहेब म्हणाले, ही नुसती हजेरी, इतिवृत्त मागून लिहू. रजिस्टरचं वरचं अर्धं पान कोरं. शिकलेला म्हणून पहिली सही माझीच! महिन्याभरानं नक्कल हाती आली, तर त्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात 'सर्वानुमते संमती'. खाली अंगठे होते ते गोंडीशिवाय दुसरं न बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचे.

मग दोन वर्षं एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. नाव घेत नाही. साहेब कायम दौऱ्यावर, आणि पोच मागितली की बाबू असा बघायचा, जणू त्याची धुऱ्यालगतची जमीनच मागतोय.

मी वकील नाही, पण माझ्या मते खरी लढाई कोरमची, म्हणजे सभेला किमान किती जण हवेत याची. वनजमीन खाणीसारख्या कामासाठी वळती करण्याबाबत केंद्राचं ३ ऑगस्ट २००९ चं परिपत्रक आहे, त्यात ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर हवेत असं आहे. पुढं नियम बदलत गेलेत, तेव्हा तुमच्या प्रस्तावाची तारीख जाणकाराला दाखवा. आमची फेरसभा याच मुद्द्यावर लागली.

ओडिशात नियमगिरी डोंगरावर २०१३ मध्ये बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तिथं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं न्यायाधीश सभेला हजर होते. आपल्याला कोण न्यायाधीश देतो? म्हणून मोबाईल. ठराव लिहून झाला की गोंडीत मोठ्यानं वाचायला लावा, शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, तिच्याखाली सह्या, आणि तिथंच पानाचा फोटो. फोटो चार जणांकडे ठेवा. आमची पहिली नक्कल उंदरांनी खाल्ली.

तुमची सभा कधी आहे? मोहाच्या किंवा तेंदूपानांच्या हंगामात असेल तर तारीख बदलायचा अर्ज आजच टाका. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.