ख्रिसमस कॅरलवरचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता? माझं मत दारातल्या सीनला

तुमचा प्रश्न असा आहे की डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'वर इतके सिनेमे निघालेत, त्यातला एकच बघायचा तर कुठला, आणि घरात आठ-नऊ वर्षांची मुलं आहेत तर त्यांच्यासोबत कुठला बघावा. घाईत असाल तर आधीच सांगून टाकते. एकटे बघणार असाल तर १९५१ चा, अ‍ॅलिस्टर सिमवाला. मुलांबरोबर असाल तर १९९२ चा मपेट्स नावाच्या कठपुतळ्यांचा. आता का ते सांगते, पण ते जरा लांबेल.

या गोष्टीतला म्हातारा स्क्रूज आमच्या पिढीला आधी बदक म्हणून भेटला. दूरदर्शनवर रविवारी डकटेल्स लागायचं, त्यात नाण्यांच्या ढिगात सूर मारणारे अंकल स्क्रूज, आणि ते नाव कुठून आलंय हे आम्हाला काय माहीत असणार. कार्ल बार्क्सने १९४७ मध्ये ते बदक काढलं तेव्हा डिकन्सच्या कवडीचुंबक म्हाताऱ्यावरूनच नाव उचललं होतं. पुढे १९८३ मध्ये डिझनीने त्याच बदकाला मूळ स्क्रूजचा रोल दिला, 'मिकीज ख्रिसमस कॅरल', सव्वीस मिनिटांचा आहे, मिकी म्हणजे गरीब कारकून आणि गूफी म्हणजे साखळदंड ओढत येणारं भूत. गोड आहे, मुलं हसतात, पण त्यात एक गोष्ट गायब आहे आणि माझं सगळं गाडं तिथंच अडतं.

गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात. लंडनमधला पैसेवाला एकटा म्हातारा, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असला. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्याचा भाचा फ्रेड ऑफिसात येऊन म्हणतो, मामा उद्या जेवायला या, आणि मामा त्याला थोतांड थोतांड म्हणून हाकलून देतो. रात्री मेलेला पार्टनर मार्ले येतो, मग तीन भुतं, मागचं, आत्ताचं आणि पुढचं दाखवणारी, आणि सकाळी म्हाताऱ्याला उपरती होते. आपल्याकडे वाल्याचं नारदाच्या एका प्रश्नात भागलं, इथं तीन भुतं आणि वर एक पार्टनर लागला, असो.

तर सकाळी उठून तो काय करतो, ते नीट बघा. कारकुनाच्या, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या घरी तो मोठी टर्की पाठवतो, पण स्वतःचं नाव न सांगता. पुस्तकात तो त्या दिवशी क्रॅचिटच्या घरी जातच नाही! बॉब त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात भेटतो, उशिरा आलेला. ख्रिसमसच्या दिवशी तो जातो भाच्याकडे. आणि डिकन्सने लिहिलंय की दारावर थाप मारायचा धीर होईपर्यंत तो दहा-बारा वेळा त्या दारावरून नुसताच पुढे गेला. मग आत जाऊन म्हणतो, मी आहे, तुझा स्क्रूज मामा, जेवायला आलोय, आत घेशील ना फ्रेड?

माझ्यासाठी सगळी गोष्ट या दारात आहे. टर्की पाठवणं सोपं हो, पैसे आहेतच आणि देणाऱ्याचा हात वरच राहतो. पण ज्याला हाकलून दिलं त्याच्याच दारात जाऊन मला जेवायला वाढ म्हणायचं याला जिगर लागते.

हे मला इतकं का लागतं तेही सांगते. माझे थोरले मामा आमच्याशी नऊ वर्षं बोलत नव्हते, गावाकडच्या जमिनीवरून. एका भाऊबीजेला बाबा गॅलरीत उभे होते आणि आत येऊन म्हणाले, अगं ती तुझ्या भावाची स्कूटर दोनदा गेली आपल्या गल्लीतून. आई काही बोलली नाही. तिसऱ्यांदा स्कूटर थांबली. मामा दारात, हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि काय म्हणाले तर पाणी मिळेल का गं. आईने पाणी नाही आणलं, पाट मांडला. मी तेव्हा दहावीत. पुढे कितीतरी वर्षांनी पुस्तक नीट वाचलं तेव्हा त्या दहा-बारा फेऱ्यांच्या वाक्यावर मी थबकलेच, डोळ्यासमोर स्कूटर.

म्हणून माझी परीक्षा ही. भुतं कशी आहेत, बर्फ किती पाडलाय, याला माझ्याकडे मार्क नाहीत.

१९५१ चा सिनेमा मी पहिल्यांदा पुण्यात ब्रिटिश लायब्ररीची मेंबर असताना डीव्हीडी आणून बघितला, इंग्लंडमध्ये त्याचं नाव नुसतं 'स्क्रूज' होतं. दिग्दर्शक ब्रायन डेसमंड हर्स्ट. कृष्णधवल आहे, सुरुवातीची दहा मिनिटं वाटतं काय हे जुनाट, आणि मग सिमचा चेहरा पकडतो. मोठे मोठे डोळे, लोंबलेले गाल, आधी मिजासखोर वाटणारा तोच चेहरा नंतर घाबरलेल्या पोरासारखा दिसायला लागतो. पण खरी कमाल पटकथेची आहे. नोएल लँग्लीने पुस्तकात नसलेल्या बऱ्याच गोष्टी घातल्यात आणि एरवी मला असं घुसडलेलं आवडत नाही, पण इथं हात जोडते. पुस्तकात स्क्रूजची बहीण फॅन मोठी होऊन वारली आणि तिचा मुलगा फ्रेड एवढंच कळतं. सिनेमात ती फ्रेडच्या बाळंतपणात जाते. तरुण स्क्रूज तिच्या खाटेजवळून उठून निघून जातो, आणि तो गेल्यावर ती शेवटचं बोलते की माझ्या मुलाला सांभाळ. त्याने ते ऐकलंच नाही! ऐकतो तो म्हातारा स्क्रूज, भुताच्या शेजारी उभा राहून, इतक्या वर्षांनी. म्हणजे ज्या भाच्याचं तोंड बघायला नको होतं तो बहिणीने त्याच्या ओटीत टाकलेला भाचा होता, आणि याला पत्ताच नाही.

आता तो सीन डोक्यात ठेवून शेवटाकडे या. स्क्रूज फ्रेडच्या घरी येतो, मोलकरीण दार उघडते, टोपी-कोट घेते. आतून गाण्याचा आवाज येतोय. दिवाणखान्याच्या दारापाशी तो अडखळतो, मागे वळून त्या पोरीकडे बघतो, आणि ती नुसती मान हलवते, जा की आत. बस. त्या मोलकरणीला धड एक मिनिटही नाही सिनेमात, पण इतकी माया. मग तो आत जाऊन फ्रेडच्या बायकोची माफी मागतो आणि सगळे नाचायला लागतात, मी मात्र अजून त्या मान हलवण्यातच अडकलेली असते. दर वर्षी.

आणखी एक, पैशाने माणूस कसा आटत जातो ते याच सिनेमात पायरीपायरीने दिसतं. जुना प्रेमळ मालक फेझीविग धंद्यातून उठतो, स्क्रूज आणि मार्ले एका बुडत्या कंपनीची मोट हळूच आपल्याकडे ओढतात, आणि पुढे मार्ले मरायला टेकलाय असा निरोप येतो तेव्हा हा माणूस ऑफिस बंद व्हायची वेळ होईपर्यंत खुर्चीतून हलत नाही. दुसऱ्या सिनेमांत स्क्रूज आधीपासूनच कंजूष असतो, इथं तो आपल्या डोळ्यासमोर घडतो.

१९८४ चा जॉर्ज सी. स्कॉटवाला माझा दुसरा नंबर, आणि काही दिवस वाटतं पहिलाच असावा. गंमत म्हणजे त्याचा दिग्दर्शक क्लाइव्ह डोनर हा १९५१ च्या सिनेमाचा एडिटर होता, म्हणजे तेहतीस वर्षांनी तीच गोष्ट परत करायला घेतली. स्कॉटचा स्क्रूज विनोदी बिलकुल नाही, धिप्पाड, थंड, बाजारात धान्याचा भाव चढवून सांगणारा खरा व्यापारी, असला माणूस आपण पाहिलेला असतो. शूटिंग इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात झालं आणि स्क्रूजच्या नावाचा थडग्याचा दगड अजून तिथं सेंट चॅड्स चर्चच्या आवारात आहे, लोक बघायला जातात. २०२४ मध्ये कोणीतरी तो फोडला, मग दुरुस्त करून ठेवला. खोट्या माणसाच्या खोट्या थडग्यासाठी गावाने हळहळावं, मजा आहे ना.

आता मपेट्स. कठपुतळ्यांचा सिनेमा म्हणून मी कितीतरी वर्षं टाळला होता, चूक माझी. मायकल केन स्क्रूज आहे आणि बाकी बेडूक, डुक्कर, अस्वल, उंदीर, पण केन एकदाही डोळा मारत नाही, समोर बेडूक आहे हे विसरून शेक्सपियर चालू असल्यासारखा काम करतो. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. शिवाय गोंझो नावाचा मपेट स्वतः डिकन्स बनून गोष्ट सांगतो, त्यामुळे पुस्तकातली बरीच वाक्यं जशीच्या तशी कानावर पडतात, जी गंभीर सिनेमांत पडत नाहीत. पोरांना भीती वाटायला लागली की तो आणि उंदीर पळून जातात आणि शेवटी भेटू म्हणतात, म्हणजे मुलांनाही कळतं की हे घाबरण्यासारखं आहे पण संपणार आहे. मार्ले एक नाही दोन आहेत, जेकब आणि रॉबर्ट, म्हणजे गायक बॉब मार्ले, हा जोक मला तिसऱ्यांदा बघताना कळला.

पण माझ्या परीक्षेत तो काठावर पास. बहीण फॅन यात नाहीच, त्यामुळे फ्रेडचं घर येतं आणि जातं. मोठा शेवट क्रॅचिटच्या दारात आहे, स्क्रूज खोटं रागावतो आणि क्रॅचिटची बायको झालेली डुक्करीण मिस पिगी त्याला फाडून खायच्या बेतात असते. मिकीतही तसंच, डोनाल्ड डक म्हणजे फ्रेड रस्त्यातच भेटतो, जेवायला येतो म्हणून सांगून टाकलं, झालं, दाराचा प्रश्नच मिटला. सिनेमावाल्यांना क्रॅचिटच्या घराचा मोह का पडतो ते कळतं, तिथं क्रॅचिटचा कुबडी घेतलेला छोटा मुलगा टिम आहे. तरी मुलांबरोबर हाच बघा. आणि मिळाला तर पूर्ण व्हर्जन बघा, कारण तरुण स्क्रूजला सोडून जाणाऱ्या त्याच्या प्रेयसीचं, बेलचं, एक गाणं थिएटरच्या वेळी कापलं होतं, मुलं चुळबुळ करतील म्हणून, ते २०२२ मध्ये परत जोडलं. मुलं चुळबुळ करतात, खरंय. मी करत नाही.

बाकीचे पटापट. १९७० चा अल्बर्ट फिनीवाला म्युझिकल आहे, फिनी तेव्हा चौतिशीचा आणि म्हातारा झालाय झकास, पण गाणी संपता संपत नाहीत. १९९९ चा पॅट्रिक स्टुअर्टवाला ठीकठाक, पण सकाळचं ते हसणं जरूर बघा. इतक्या वर्षांनी हसायचंय तर कसं हसतात तेच आठवत नाही, आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा घुसमटतो, मग हसू फुटतं. २००९ चा झेमेकिसचा जिम कॅरीवाला, कॉम्प्युटरने केलेला, त्यात पहिलं भूत मेणबत्तीसारखं केलंय, ते पुस्तकातल्या वर्णनाच्या खरंच जवळ जातं, आणि मग अचानक स्क्रूज उंदराएवढा होतो आणि घोडागाडी त्याच्या मागे लागते, कशासाठी? थ्रीडीसाठी. २०१९ ची बीबीसीची गाय पिअर्सवाली सिरीज मुलांना अजिबात दाखवू नका, मोठ्यांनीही मूड बघून.

एक मात्र तपासत जा. पुस्तकात दुसरं भूत आपल्या झग्याखालून दोन पोरं दाखवतं, हडकुळी, भेसूर, एक अज्ञान आणि एक हलाखी. स्क्रूज विचारतो यांना कोणी नाही का, तर भूत त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतं, तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना ठेवून राबवून घेणारी घरं, नाहीत का. डिकन्स १८४३ मध्ये लंडनमधली गरीब मुलांची शाळा बघून आला होता, खाणी-कारखान्यांतल्या पोरांवरचा सरकारी रिपोर्ट वाचून चिडला होता, आणि तो स्वतः बारा वर्षांचा असताना बाप कर्जापायी तुरुंगात नि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात. त्या दोन पोरांसाठीच पुस्तक लिहिलं म्हटलं तरी चालेल. मिकी आणि मपेट्समध्ये ती नाहीत, १९३८ च्या एमजीएम स्टुडिओच्या जुन्या सिनेमातही नाहीत. सिम आणि स्कॉट दोघांत आहेत. मुलं जरा मोठी झाली की सिमकडे वळवा, तेवढ्यासाठी तरी.

आणि सिमवाला बघाल तेव्हा रंगीत केलेलं व्हर्जन फिरत असतं ते घेऊ नका, कृष्णधवलच घ्या. सकाळी आनंदाने नाचताना तो आरशासमोर येतो ना, तिथं आरशात नीट बघा, शूटिंगच्या टीममधला एक माणूस दिसतो. माझ्या धाकट्याला आता संपूर्ण सिनेमात तेवढाच माणूस बघायचा असतो.