आफ्रिकेच्या जंगलातलं असं कोणतं झाड आहे, ज्याची फळं आणि पानं दोन्ही खातात?

बरेच जण गोरखचिंचेचं नाव सांगतील. तिची पानं नि फळं खातात हे खरं, पण ती मोकळ्या, कोरड्या माळरानाची. दाट पावसाळी जंगलातलं झाड हवं असेल तर माझं उत्तर उजुजू, म्हणजे मिरिअँथस आर्बोरियस.

उजुजू हे नायजेरियातल्या इग्बो लोकांचं नाव. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ओढ्याकाठी, ओलसर जागी हे झाड वाढतं. उंची साधारण २० मीटरपर्यंत, खोडाला खालून आधारमुळं फुटलेली. पान काटेसावरीसारखं, हाताच्या बोटांगत पसरलेलं, पण तिच्यापेक्षा कितीतरी मोठं. नर आणि मादी झाडं पपईसारखी वेगळी, त्यामुळे फळ फक्त मादीलाच.

फळ पिकलं की पिवळं होतं. वरून सीताफळासारखे उंचवटे, आत प्रत्येक खणात एक बी आणि तिच्याभोवती आंबटगोड गर. गर चोखून खातात. बियाही शिजवून खातात आणि त्यांत तेल भरपूर असतं. हत्ती, गोरिला, चिंपांझी यांनाही हे फळ आवडतं.

खरी मजा मात्र कोवळ्या पानांत आहे. ती बारीक चिरून रश्श्यात शिजवली की भेंडीसारखा बुळबुळीतपणा येतो. आपल्याकडे भेंडीची तार मोडायला ताक किंवा चिंच घालतात, तिथे नेमकी तीच तार हवी असते! कुटलेल्या कोनफळवर्गी कंदाचा गोळा त्या रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा.