सॅलिसिलेट कमी असलेला आहार किती दिवस पाळायचा? कायमचा का?

नाही, कायमचा नाही. हा आहार म्हणजे मुळात एक चाचणी आहे: अंगावर पित्त उठण्यासारखा त्रास सॅलिसिलेट या रसायनामुळे होतो का, हे पाहण्याची. साधारण 2 ते 6 आठवडे कडक पथ्य, त्रास कमी झाला तर एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा. फरकच पडला नाही, तर पथ्य सोडून द्यायचं. हे खरं तर आधीच सांगायला हवं, कारण कित्येक जण वर्षानुवर्षं भीतीपोटी फळं-भाज्या टाळत राहतात.

सॅलिसिलेट वनस्पतींमध्ये नैसर्गिकरीत्या असतं. अ‍ॅस्पिरिन त्याच कुळातलं. मसाले, सुकामेवा, बेरीवर्गीय फळं, मध, पुदिना, चहा यांत ते जास्त असतं. सोललेलं नाशपाती, सोललेला बटाटा, कोबी, भात, अंडी, दूध, ताजं मांस हे सहसा चालतं. निरनिराळ्या याद्यांमधले आकडे जुळत नाहीत, तेव्हा एकच यादी धरा. पुदिन्याची टूथपेस्ट आणि दुखण्यावर चोळायचे मलम यांकडेही लक्ष द्या. अशा मलमांत असणाऱ्या विंटरग्रीन या वनस्पतीच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे सॅलिसिलेटचाच एक प्रकार असतो.

ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. त्रास मात्रेवर ठरतो आणि साठत जातो, म्हणून थोडंसं खाऊन काही न होणं आणि दोन दिवसांनी पित्त उठणं, दोन्ही शक्य आहे. याची खात्रीशीर रक्तचाचणी नाही. त्यामुळे रोज खाल्लेलं आणि झालेला त्रास लिहून ठेवा.

दमा किंवा नाकात पॉलिप (मऊ गाठ) असेल तर घरी अ‍ॅस्पिरिन घेऊन 'बघू' असं कृपया करू नका, जिवावर बेतू शकतं. लहान मुलांना आहारतज्ज्ञाशिवाय या पथ्यावर ठेवू नका.